किल्ट घालून रोलर कोस्टरवर : अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे

क्लाइडकाठचा | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न हसण्यासारखा आहे हे मान्य. आधी सगळ्यांनी हसून घ्या, मग उत्तरं द्या.

ग्लासगोत राहून नऊ वर्षं झाली. ऑफिसातल्या एका मित्राचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. इकडे लग्नाआधी नवऱ्या मुलाला घेऊन मित्रमंडळी एक दिवस उंडारायला जातात. यंदा बस करून सीमेपलीकडे इंग्लंडातल्या एका मोठ्या अम्युझमेंट पार्कात जायचं आणि आठच्या आठ जणांनी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा तो गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा स्कर्ट, घालायचा असं ठरलंय. वर साधा टी-शर्ट, खाली किल्ट आणि गुडघ्यापर्यंत मोजे.

किल्ट माझ्याकडे आहे. मास्टर्सच्या पदवीदानासाठी सेकंडहँड घेतला होता. ब्लॅक वॉच, म्हणजे गडद हिरवा-निळा चौकडा. तो कुणा एका घराण्याचा नाही, त्यामुळे आपल्यासारख्या उपऱ्यानेही बिनदिक्कत घालावा. शुद्ध लोकर, आठ यार्ड कापड. आत्ताच स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर सव्वादोन किलो भरला. तो घालून लग्नं केली, नाच केले, थंडीत बसची वाट पाहिली. पण डोकं खाली पाय वर या अवस्थेत कधी घातलेला नाही.

राईडवर घालू देतात का, उडतो का, आणि उडू नये म्हणून काय करायचं, एवढंच विचारायचंय. आत काय घालायचं हा प्रश्न मी विचारलेला नाही, पण तुम्ही त्यावरच बोलणार हे माहीत आहे.

तिरपागडा | शनिवार, रात्री ९:५२

आत काय घालणार?

भिंगरी७ | शनिवार, रात्री ९:५५

हसून हसून पुरेवाट. पहिलाच प्रतिसाद!

लोखंडीरूळ | शनिवार, रात्री १०:३०

या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे. सुट्ट्या आणि पगार दोन्ही कोस्टरवर उडवणारा माणूस आहे मी.

सगळं सीटवर अवलंबून आहे. जुन्या लाकडी कोस्टरवर, उदाहरणार्थ ब्लॅकपूलची १९३५ सालची ग्रँड नॅशनल, तुम्ही डब्यात बाकावर बसता. मांडीवर दांडा येतो आणि बाजूला डब्याच्या भिंती असतात. खालून वारा लागत नाही, त्यामुळे तिथे किल्ट काय, लुंगी नेसून बसलात तरी चालेल.

खरी पंचाईत पाय लोंबकळणाऱ्या राईडवर. इंग्लंडातल्या ऑल्टन टॉवर्स पार्कची नेमेसिस बघा. १९९४ची, त्या जातीची युरोपातली पहिली. रूळ डोक्यावर, सीट खाली टांगलेली, वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. आपल्या इमॅजिकातल्या नायट्रोत रूळ खालीच आहे, पण पायाखाली फरशी नाही, म्हणून वाऱ्याचा हिशोब तोच. वारा थेट पायांतून वर येतो.

तरी घाबरू नका. किल्टच्या निऱ्या मागे असतात आणि तुम्ही त्यांच्यावर बसलेले असता. स्वतःच्या वजनाखाली दाबलेलं कापड उडत नाही. पुढचे दोन सपाट थर, जे एकमेकांवर येतात, ते उडणार. त्यातही वरचा, कारण त्याची उजवी कड मोकळीच असते. म्हणून बसताना मागून हात फिरवून निऱ्या सपाट करायच्या आणि पुढचं कापड मांड्यांच्या मध्ये दाबून घ्यायचं. लटकणाऱ्या राईडवर खांद्यावरून कवच येतं आणि त्याचा एक पट्टा दोन पायांमधून सीटला अडकवतात. तो पट्टा किल्टच्या वरून येऊ द्या. बाकी काम तोच करेल.

आणि स्पोरन काढून ठेवा. पुढे लटकणारी ती कातड्याची पिशवी बरोबर दांडा येतो तिथेच असते. दांडा नीट बसला नाही तर गाडी सोडतच नाहीत, आणि बसला तर तुम्ही ओरडाल.

खोपोलीची_आत्या | शनिवार, रात्री ११:०५

पुढचं कापड दोन पायांमधून घेऊन मागे अडकवायचं? अहो, हा तर काष्टा झाला!

तुमच्या त्या आठ यार्डांत निऱ्या आहेत, कमरेला आवळायचं आहे, पण काष्टा नाही. म्हणून हा सगळा घोळ. आमच्या नऊवारीत एकच वार जास्त आणि ते नेमकं कामाला येतं. पाडव्याच्या शोभायात्रेत पोरी नऊवार नेसून बुलेट चालवतात, काही उडत नाही. सहावारीत करून दाखवा म्हणावं.

एक शंका. किल्ट घालतात की नेसतात?

क्लाइडकाठचा | शनिवार, रात्री ११:२०

@लोखंडीरूळ, मनापासून धन्स. नेमकं हेच हवं होतं.

@आत्या, मी 'घालतो' म्हणतो, कारण निऱ्या कमरेपासून कुल्ल्यांपर्यंत शिवलेल्याच असतात. गुंडाळायचा, उजव्या बाजूला दोन आणि डाव्या बाजूला एक बक्कल लावायचं, झालं. शिवलेल्या नऊवारीसारखं.

तिरपागडा | शनिवार, रात्री ११:२४

अवांतर: धोतर ते, लुंगी ती, स्कर्ट तो. मग किल्ट तो की ती? धागाकर्ते 'तो' म्हणताहेत, माझ्या कानाला 'ती' बरी वाटते.

अर्धीबाही | शनिवार, रात्री ११:४१

ज्याला घालायचाय त्याला ठरवू द्या की.

कागदीघोडा | रविवार, सकाळी ७:१५

आत्यांच्या शंकेत बराच इतिहास दडलाय. पूर्वी तो नेसायचाच प्रकार होता. जुना मोठा किल्ट म्हणजे एक लांबलचक अखंड कापड. खाली पट्टा, त्यावर कापड पसरून निऱ्या घालायच्या, त्यावर आडवं व्हायचं आणि पट्टा आवळून उठायचं. उरलेलं कापड खांद्यावर, म्हणजे पदरच. पावसात तेच डोक्यावर, रात्री तेच पांघरूण. आपल्या धनगरांची घोंगडी आठवा.

त्याचा खालचा अर्धा भाग तेवढा ठेवून आजचा आखूड किल्ट झाला. ते साधारण १७२०च्या दशकात घडलं आणि त्याचं श्रेय बरेचदा थॉमस रॉलिन्सन या लोखंडाच्या भट्ट्या चालवणाऱ्या माणसाला देतात. गंमत म्हणजे हा गृहस्थ इंग्रज. स्कॉटिश मंडळींपुढे हा विषय जपून काढावा.

मग १७४६चा कायदा आला. स्कॉटिश बंड मोडलं त्या कलोडनच्या लढाईनंतर हायलँडच्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाच्या, पोशाखावरच बंदी. पहिल्यांदा सापडलात तर ६ महिने कैद, दुसऱ्यांदा सापडलात तर ७ वर्षं समुद्रापार. सैन्यातल्यांना मात्र मुभा, म्हणून तुमच्या ब्लॅक वॉचसारखे पलटणीचे चौकडे टिकले. १७८२ला बंदी उठली. आणि १८२२ला राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा त्याने स्वतःच किल्ट घातला.

आता मूळ प्रश्नाकडे. राजेसाहेबांनी किल्टच्या आत अंगाच्या रंगाची तंग विजार चढवली होती. त्यावरून तेव्हा लोकांनी भरपूर टिंगल केली. पण तुम्हाला सायकलिंगची चड्डी घालायची असेल तर यापेक्षा मोठा दाखला कुठे मिळणार?

तिरपागडा | रविवार, सकाळी ७:५८

शेवटी उत्तर मिळालं. राजाश्रय आहे चड्डीला.

सडेतोड_सातारी | रविवार, सकाळी ९:३०

आपलं धोतर नेसायची लाज वाटते आणि दुसऱ्यांचे घागरे घालून मिरवायची हौस. चालू द्या.

क्लाइडकाठचा | रविवार, सकाळी १०:१०

@सडेतोड, आजोबांचं धोतर माझ्याकडे आहे आणि दर गणपतीत नेसतो. इथल्या मंडळाच्या आरतीला माझ्या ज्या मित्राने कुर्ता घालून अर्धा तास टाळ कुटले, त्याच्याच लग्नासाठी मी किल्ट घालतोय. आणखी काही म्हणणं असेल तर वेगळा धागा काढावा ही विनंती.

वैशाखवारा | रविवार, सकाळी १०:३५

+१. शिवाय धोतर आणि पाळणे हे नातं जुनंच आहे. आमचे आजोबा जत्रेत आकाशपाळण्यात बसायचे. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात मी. पाळणा खाली येताना सोगा घट्ट आणि मी सैल, अशी परिस्थिती असायची. आजीला हे कधी सांगितलं नाही.

पाचवी_तारीख | रविवार, दुपारी १:००

वकिली करतो म्हणून दोन गोष्टी.

मोज्यात खोचायची ती छोटी सुरी, स्कीन डू, घरीच ठेवा. इंग्लंडमध्ये १९८८च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टच्या कलम १३९ मध्ये राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून सुरी बाळगली तर तो बचाव ठरतो. शिखांच्या कृपाणाचा धार्मिक कारणाचा बचावही त्याच कलमात. पण कायद्यात बचाव असणं आणि पार्कच्या दारावर बॅग तपासणाऱ्याने तुम्हाला आत सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी. दारावर उभं राहून कलमं वाचून दाखवण्यात दिवस जाईल. नुसती मूठ असलेली, बिनपात्याची नकली मिळते. हौस असेल तर ती खोचा.

दुसरं. कुणी गंमत म्हणून खालून फोटो काढायला गेलं तर तो गुन्हा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २०१९ पासून, स्कॉटलंडमध्ये त्याच्याही बऱ्याच आधीपासून. कायदा फक्त स्कर्टवाल्या बायकांसाठी नाही, किल्टवाल्यांनाही लागू आहे. तुमच्या गँगमधल्या मस्तीखोरांना आधीच सांगून ठेवा.

भिंगरी७ | रविवार, दुपारी १:२२

आणि तुम्ही चड्डी घाला. तिथे लहान मुलं असतात. परंपराबिरंपरा सगळी लग्नाच्या दिवशी.

कागदीघोडा | रविवार, दुपारी १:४०

@भिंगरी, परंपरेचे रखवालदारही तुमच्याच बाजूने आहेत. स्कॉटिश टार्टन्स ऑथॉरिटीच्या संचालकांनीच २०१०मध्ये आत काही न घालणं हे पोरकट आणि आरोग्याला बरं नाही असं म्हटलं होतं. त्यावरून गदारोळ झाला तो वेगळा.

लोणचंफोडणी | रविवार, दुपारी ३:०५

पाण्याच्या राईडबद्दल कुणीच बोललं नाही. लोकर आहे ना ती? आपल्याकडे वॉटर पार्कात सुती कपडे घालून गेलं तरी परत पाठवतात, नायलॉनचेच लागतात. तिथे सव्वादोन किलो लोकर घेऊन पाण्यात उतरू नका, बुडाल.

क्लाइडकाठचा | रविवार, दुपारी ३:३०

छे छे. पाण्याच्या राईडवर जायचं नाही असं आधीच ठरलंय. शनिवारी निघतोय. आल्यावर सविस्तर वृत्तांत देतो.

अर्धीबाही | रविवार, दुपारी ३:४४

'आधीच ठरलंय' हे शब्द जपून ठेवा. वाचनखूण साठवली आहे.

(सहा दिवसांनी)

तिरपागडा | शनिवार, रात्री ११:५०

आज जाणार होते ना? धागा वर काढतोय.

क्लाइडकाठचा | रविवार, सकाळी ११:१५

जिवंत आहे. किल्ट नाही म्हणता येणार.

पार्कचं नाव मुद्दाम टाळतो, कारण झालं त्यात त्यांचा काही दोष नाही, सगळी आमचीच करणी. जाताना बसमध्ये कुणीतरी ग्लासगो फेअरच्या आठवणी काढल्या. जुलैच्या उत्तरार्धात शहरातले कारखाने आणि गोद्या बंद व्हायच्या आणि कामगारांची कुटुंबंच्या कुटुंबं समुद्रावर लोटायची. आधी बोटीने क्लाइड नदीतून खाली रोथसी, डनूनला, पुढे थेट ब्लॅकपूलला. बसच्या ड्रायव्हरची आई म्हणे लहानपणी दोन आठवडे तिथे असायची आणि समोरच्या घरात राहणारे लोकच तिथेही शेजारी भेटायचे. आपल्याकडे मे महिन्यात गाव रिकामं करून कोकणात गेल्यावर अख्खी चाळ तिथे दिसते, तसं.

दारावर काही अडचण आली नाही. सुऱ्या घरीच होत्या. बॅग तपासणाऱ्या काकांनी आठ जणांकडे वरून खाली पाहिलं आणि फक्त "वारा आहे आज" एवढंच म्हणाले.

पहिला अडथळा वेगळाच निघाला. स्पोरन लॉकरमध्ये ठेवले, कुलूप लावलं आणि मग लक्षात आलं की किल्टला खिसा नसतो. खिशाचं काम स्पोरनच करतं आणि ते तर लॉकरमध्ये. मग आठही किल्ल्या मोज्यात. दिवसभर घोट्याला टोचत होती.

लाकडी कोस्टर: लोखंडीरूळ यांनी सांगितलं तसंच, काही हललं नाही. फक्त बाक थंडगार आणि मांड्यांना लोकर टोचते, कारण निऱ्या नीट न करता घाईत बसलो. दुसऱ्या फेरीला मागून हात फिरवून बसलो. इथे आल्यावर हे शिकवलं होतं एका म्हाताऱ्या शिंप्याने, पण खुर्चीवर बसताना. कोस्टरला विसरलो.

लटकणारी राईड: रांगेत पाऊण तास. पुढे एक पाच-सहा वर्षांचा मुलगा आईला मोठ्याने विचारत होता की यांना पँट मिळाली नाही का. सीटवर बसल्यावर कवच खाली आलं, पट्टा लावायला आलेल्या मुलीने न विचारताच सांगितलं, "कापड खाली ओढ, मध्ये दाब, आता पट्टा." म्हणजे त्यांना सवय असणार. पट्टा बसला आणि आत्या, देवाशपथ, मला तुमचीच आठवण झाली. काष्टा. पक्का काष्टा. पहिल्या उताराला पोटात गोळा आला, पण मांडीवरचं कापड जागचं हललं नाही.

चूक एकच झाली. किल्टपिन. खालच्या उजव्या कोपऱ्याला, फक्त वरच्या थराला लावतात ती. कापड जड राहावं म्हणून असते असं म्हणतात. ती काढायला विसरलो. पट्ट्याच्या पलीकडचा तो चतकोर तुकडा मोकळा होता, तो वाऱ्यावर फडफडायला लागला आणि त्याच्या टोकाला तलवारीच्या आकाराची पितळी पिन. दीड मिनिट ती माझ्या गुडघ्यावर बडवत होती. गुडघ्यावर आता वांग्याच्या रंगाचं टेंगूळ आहे.

आणि हो, अर्धीबाही. पाण्याच्या राईडवर गेलो.

अर्धीबाही | रविवार, सकाळी ११:१९

😂

लोणचंफोडणी | रविवार, सकाळी ११:२६

मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं!

क्लाइडकाठचा | रविवार, सकाळी ११:५०

नवरा मुलगा म्हणाला, हे माझं शेवटचं मागणं. आता यावर कोण नाही म्हणणार?

लोकर आधी काही मानतच नाही. पहिला शिंतोडा वरून ओघळून गेला, वाटलं वा, मेंढी मूर्ख नव्हती. मग एक भिंतीएवढी लाट आली. त्यानंतर आठ यार्ड कापडाने जेवढं पाणी पिता येईल तेवढं प्यायलं. उठलो तर किल्ट मागे राहायला बघतोय. बक्कलं शेवटच्या भोकात आवळली तरी घसरतोय. आम्ही आठ जण दोन्ही हातांनी कंबर धरून, मोज्यातून पाणी गाळत, लॉकरपर्यंत चालत गेलो. तो पाच-सहा वर्षांचा मुलगा पुन्हा दिसला. या वेळी त्याने काही विचारलं नाही.

परतीला चार तास बसमध्ये कचऱ्याच्या पिशव्या अंथरून बसलो. आणि वास! पावसात भिजलेली घोंगडी वाड्यात आणून टाकल्यावर येतो ना, तोच. आठ घोंगड्या. खिडक्या बंद, कारण बाहेर पाऊस. मला एकदम मामाच्या गावी गेल्यासारखं झालं, बाकीच्यांना मळमळत होतं.

तिरपागडा | रविवार, दुपारी १२:०२

राईडवर फोटो काढतात ना? टाका.

क्लाइडकाठचा | रविवार, दुपारी १२:१५

काढतात. लटकणाऱ्या राईडचा घेतला आहे. पुढच्या-मागच्या रांगेतली सगळी जनता हात वर करून किंचाळतेय आणि मधले आठ जण दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून, एसटीत दप्तर सांभाळणाऱ्या शाळकरी पोरांसारखे बसलेत. पट्टा होता, सायकलिंगची चड्डी होती, तरीही. नवऱ्या मुलाच्या होणाऱ्या बायकोने तो मोठा करून लग्नाच्या हॉलमध्ये लावायचा ठरवलंय. इथे टाकत नाही, इतरांचे चेहरे आहेत.

आता खरी मदत हवी. किल्ट कालपासून न्हाणीघरात टांगलाय, अजून दमट आहे. निऱ्या सगळ्या गेल्या. मागून बघितलं तर गोधडी दिसते. लग्न दोन आठवड्यांवर. ड्रायरमध्ये टाकू का?

खोपोलीची_आत्या | रविवार, दुपारी १२:३१

खबरदार ड्रायरमध्ये टाकलात तर! आटून बाहुलीला होईल.

नीट ऐका. आधी पूर्ण वाळू द्या, सावलीत, कमरेकडून चिमटे लावून, निऱ्या खाली सुटतील असा. घाई नको. वाळला की टेबलावर उलटा पसरा. वर शिवलेला भाग आहे म्हणालात ना, तिथून प्रत्येक निरी हाताने सरळ खाली ओढायची, चौकड्याची रेघ रेघेला जुळते का बघायचं. जुळली की खाली काठाजवळ पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालून ती निरी शेजारच्या निरीला पकडायची. काठापासून बोटभर वर एक ओळ, मध्ये एक ओळ. सगळ्या निऱ्या अशा बांधल्या की ओलं सुती फडकं वर ठेवून इस्त्री. इस्त्री सरकवायची नाही, नुसती दाबायची आणि उचलायची. गार होईपर्यंत हात लावू नका. धावदोरा लग्नाच्या दिवशी सकाळी उसवा, आधी नाही.

माझ्या सासूबाईंची पैठणी मी अशीच सांभाळते. आणि ती पिन काढून ठेवा आधी.

क्लाइडकाठचा | गुरुवार, रात्री १०:४५

वाळला. टेबलावर पसरलाय. निऱ्या मोजल्या, एकोणतीस. सुईत दोरा ओवायलाच दहा मिनिटं गेली. बायको समोर बसून चहा पितेय आणि मदत करणार नाही म्हणतेय. रेघेला रेघ जुळवत अकरा झाल्या. बाराव्या निरीला रेघ बोटभर खाली येतेय, म्हणजे मागे कुठेतरी एक चुकली आहे. उसवतोय.